मानाच्या कापडात टांगलेलं दही

कुणी मानानं दिलेल्या कापडात मी एकदा दही टांगलं होतं. नातवंडांना सांगितलं की ती लोळून हसतात. हसू द्या. तेव्हाची मी होतेच तशी: पन्नाशी जवळ आलेली आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री.

अर्जुनीकडच्या तिबेटी वसाहतीतली एक बाई दर हिवाळ्यात गोंदियात स्वेटर विकायला यायची. आईच्या कडेवर बसून या मुलखात आलेली, पण इकडची झाडीबोली माझ्याहून अस्सल. आधी त्यांची दोनच दुकानं लागायची, बघता बघता अख्खी रांग झाली.

एका उन्हाळ्याच्या शेवटी ती घरी आली. मुलीला इथं नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण चेहरा बघूनच घरमालक नाही म्हणत होते. खोली नाही, तर शिक्षण नाही. "तुमची मागची खोली रिकामीच आहे ना, बाई?" म्हणत तिनं एक लांब, पांढरं, झिरझिरीत रेशमी कापड माझ्या हातांवर ठेवलं.

"घरात विचारून सांगते, परवा ये," मी ऐटीत म्हणाले.

विचारायचं कुणाला होतं? घरात हुकूम माझाच. खोली झाडली, पलंग टाकला. पोरीच्या स्वागताला श्रीखंड करावं म्हटलं, आणि दही बांधायला ते कापड इतकं फक्कड वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी मायलेकी पेटी घेऊन आल्या. अंगणातल्या नळाला त्यांचं कापड लोंबत होतं, टपटप पाणी गळत होतं. बाईनं ते बघितलं आणि पेटी पुन्हा उचलली. पोरीचा हात धरून सरळ फाटकाबाहेर. मी वेलचीचा खलबत्ता हातात घेऊन मागे धावले.

"अवं, काऊन चालली? खोली तयार आहे!"

"मंग आमचं मानाचं कापड नळाले कायले टांगलं? नाही म्हणाचं होतं त सरळ म्हणाचं."

"मानाचं? मले वाटलं, अशीच भेट आणली! अवं, तुह्याच पोरीसाठी श्रीखंड करून राहिली मी!"

पुढं त्या खोलीतून त्यांच्या वसाहतीतल्या सहा मुली शिकून गेल्या. दोघींनी तर गोंदियातच घरं बांधली. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी ती भर रस्त्यात पेटीवर बसून पोट धरून हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "चला, खोली दाखवा. अन् माह्या बहिणीची पोरगी बारावीत आहे, तिचा पलंग कुठं टाकता तेबी आताच सांगून ठेवा."