साडूंच्या गाडीची फुंकणी

हवेवर एवढी श्रद्धा असलेला दुसरा माणूस हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. जगातलं कुठलंही दुखणं हवा कमी पडल्यामुळे होतं, असं आमच्या साडूंचं ठाम मत आहे. डाळ शिजली नाही, हवा कमी. पुतण्या गणितात नापास झाला, वर्गाला खिडक्या कमी. माझ्या लग्नाच्या फोटोत माझा चेहरा पडलेला दिसतो, त्याचं कारणसुद्धा मांडव चारी बाजूंनी बंद होता हेच आहे, असं ते माझ्या बायकोला दर भेटीत पटवून देतात. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण प्राणवायूबद्दल एवढ्या तळमळीनं मला कधी बोलता आलं नाही. त्यांच्या घरात पाऊल टाकलं की ते आधी खिडकी उघडतात आणि मग "या मास्तर" म्हणतात. माघ महिन्यातल्या थंडीतही क्रम हाच.

साडूंचा कुरुंद्याला हळद पॉलिश करायचा ड्रम आहे. उकडून वाळवलेली हळकुंडं या भल्यामोठ्या ड्रममध्ये घालतात, ड्रम गरागरा फिरतो, हळकुंडांची सालपटं निघतात आणि पिवळी धूळ गावभर उडते. धुळीचा मोठा वाटा अर्थातच साडूंच्या घराला मिळतो. त्यांची भिंत पिवळी, गाय पिवळी, दोरीवरचं धोतर पिवळं. कागदोपत्री पांढरी असलेली त्यांची जुनी चारचाकी त्या ड्रमच्या शेजारीच उभी असते, त्यामुळे ती तर बारा महिने नवरीसारखी हळदीत. त्यांच्याकडे पाहुणा दोन दिवस राहिला की तिसऱ्या दिवशी त्याच्या गावचे लोक त्याला लग्नाची तारीख विचारतात. मजा अशी, की हे पिवळेपण कुरुंद्यात कोणाला दिसतच नाही. मी एकदा बोललो तर साडू चारी बाजूंना पाहून म्हणाले, "कुठं हाय पिवळं?"

दर बुद्धपौर्णिमेला आम्ही दोघे साडू आपापल्या बायका घेऊन सेनगावच्या पुढं असलेल्या सासुरवाडीला जातो. साडू कुरुंद्याहून आपली गाडी घेऊन निघतात, हिंगोलीत मला आणि माझ्या बायकोला घेतात आणि वाटभर खिडक्या उघड्या ठेवून आम्हाला लू खायला घालतात. सासुरवाडीच्या अलीकडं एक चढ आहे. त्या चढाला साडूंच्या गाडीची छाती भरून येत असे. निम्म्यात ती गुरगुरायची, काळा धूर सोडायची आणि थांबायची. मग साडू पुढं बघतच म्हणायचे, "उतरा." आम्ही उतरायचो आणि ते एकटेच गाडी वर नेऊन लिंबाखाली उभी करायचे. आम्ही मागून धापा टाकत पायी. तरी त्या चढावर फार मजा यायची हे कबूल केलं पाहिजे. दोघी बहिणी माहेरच्या माणसांच्या नकला करत चालायच्या आणि हसून हसून रस्त्यातच बसायच्या. अक्का, म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी, चपला हातात घेऊन सगळ्यात शेवटी वर पोचायच्या. साडू आरशातून त्यांचीच वाट बघत असायचे. अक्का गाडीपाशी आल्या की साडूंनी सीटखालची पाण्याची बाटली काढून आधी त्यांना द्यायची आणि दरवर्षी तेच एक वाक्य बोलायचं: "घे, पी. चढ मोठा हाय."

मग अक्कांचे गुडघे गेले. एक पौर्णिमा चुकली, दुसरीही चुकली. आम्ही म्हणालो, तुम्ही गाडीत बसा, आम्ही चालतो. अक्का ताठपणे म्हणाल्या, "समदे चालून राहिले अन् मी एकलीच राणीवाणी बसू व्हय? माहेरचे लोक काय म्हणतील?" मी माझी गाडी नेऊ म्हटलं, तर साडूंनी अशी नजर टाकली की माझ्या गाडीचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही. तिकडं सासूबाई थकत चाललेल्या. त्यांचा रोज फोन यायचा आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असायचा, "यंदा तरी येतीस का माय?" अक्का "बघू" म्हणायच्या आणि फोन ठेवून गुडघ्याला तेल चोळायच्या.

यंदा माघात साडू अक्कांना आणि एक खोकं घेऊन माझ्याकडं हजर. त्यांनी मोबाइलवरून इलेक्ट्रिक सुपरचार्जर मागवला होता. इंजिनाच्या तोंडाशी बसवायचा, वायर बॅटरीला जोडायची, की इंजिनात हवा कोंबली जाते आणि गाडीची ताकद वाढते, असं जाहिरातीत होतं. खोक्यातून निघाला डब्याच्या झाकणाएवढा एक प्लास्टिकचा पंखा. माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, "अहो, खरे विजेवरचे सुपरचार्जर असतात, नाही असं नाही. पण ते मोठ्या गाड्यांत कंपनीनं बसवलेले, त्यांना वेगळी दणकट बॅटरी लागते, आणि तेही मदत करतात क्षणभरच. तुमचं इंजिन चढावर मिनिटाला गच्चीवरच्या दोन टाक्या भरतील एवढी हवा स्वतःच ओढून घेतं. हा बापडा पंखा त्याला काय देणार? उलट वाटेत आडवा येईल."

साडूंनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं. "मास्तर, फुंकणीनं चूल पेटती का न्हाई?"

"पेटते."

"मंग?"

या "मंग?"पुढं माझं सगळं विज्ञान गारद झालं. अक्का शेजारीच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "फुंकायच्या आधी चुलीतली राख काढावी लागती." पण बायकांना इंजिनातलं काय कळतं, असं समजून आम्ही दोघांनीही तिकडं लक्ष दिलं नाही.

पंखा बसला. गाडीत काडीचा फरक पडला नाही, आवाजात मात्र पडला. साडूंना ती वाघासारखी वाटायची, मला पिठाच्या गिरणीसारखी. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरा पंखा बसवला, मग तिसरा. तिन्ही चालू केले की बॅटरीचा जीव एवढासा व्हायचा, हॉर्न दाबला तर आतून मांजराचं पिल्लू कण्हल्यासारखा आवाज यायचा. मग साडू खिडकीतून अर्धे बाहेर येऊन "सरका, सरका! सुपरचार्जर येऊन राहिला!" असं ओरडत गाडी हाकायचे. एकदा बाजाराच्या दिवशी अशी ओरड ऐकून लोक खरोखरच दोन्ही बाजूंना झाले, कुणाचं तरी वऱ्हाड येतंय समजून एकानं पिपाणीही वाजवली, आणि मधून आमचे साडू बैलाच्या चालीनं, दोन्ही हातांनी नमस्कार घेत गेले. शेवटी तर मी कुरुंद्याला गेलो असताना त्यांनी सोयाबीन उफणायचा मोठा पंखा बॉनेटवर बांधला. तो चालू करताच साडूंच्या अंगावरची, गाडीवरची आणि शेजाऱ्याच्या अंगणातली सगळी हळद एकदम उठली आणि शेजारीण खाकरत खाकरत त्यांच्या सात पिढ्या उद्धरायला बाहेर आली. मी हसता हसता खाली बसलो.

साडू हसले नाहीत. चेहरा पुसत म्हणाले, "पौर्णिमेच्या आत व्हायला पायजे, मास्तर. म्हातारी रोज फोन करून राहिली. हिला चालवत न्हाई." तेव्हा मला कळलं की हा माणूस तीन महिने गाडीच्या ताकदीबद्दल बोलत होता ते कशासाठी. मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

मी बॉनेटवरचा पंखा सोडायला लावला आणि त्यांना गाडीसकट हिंगोलीला माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडं नेलं. त्यानं आधी तिन्ही पंखे उपसून काढले, मग आतला एअर फिल्टर काढला. इंजिनाला जाणारी हवा ज्यातून गाळली जाते तो कागदी फिल्टर. मेकॅनिकनं तो नाकाशी नेला. "काका, हा फिल्टर हाय का भाजीचा मसाला?" दहा वर्षांची हळद त्यात ठासून बसली होती. हवा जायला सुईएवढी वाट नव्हती. "कुरुंद्याच्या मेकॅनिकनं कधी काढला न्हाई का हा?"

"दरसाल काढतो की," साडू म्हणाले. "बघतो अन् परत लावतो. तो म्हणे, कंपनीचा कलरच पिवळा हाय."

मला अक्कांचं चुलीतल्या राखेचं बोलणं आठवलं. साडूंनाही आठवलं असावं, कारण परतीच्या वाटेवर ते चक्क खिडकी उघडायला विसरले.

नवा फिल्टर बसवून आम्ही पौर्णिमेला निघालो, चौघंही. काढलेल्यांपैकी एक पंखा साडूंनी समोर, अक्कांच्या तोंडाकडं करून बसवला होता. "फिल्टर निमित्त हाय," ते मला बजावत होते, "पंखा खरा." वैशाखाच्या उन्हात अक्कांच्या कपाळावरचे केस भुरुभुरु उडत होते. त्या एका कामापुरता सुपरचार्जर वसूल झाला हे मलाही मान्य करावं लागलं.

चढ आला. माझी बायको सवयीनं दाराची कडी धरून बसली होती. निम्मा चढ आला, गाडी गुरगुरली नाही, धूर नाही, आणि आमच्यापैकी कुणाला काही कळायच्या आत आम्ही वर होतो. मी टाळ्या वाजवल्या. माझी बायको ओरडली, "दाजी, जिंकलात!"

साडूंनी लिंबाखाली गाडी थांबवली आणि आरशात बघत बसले. मागं सगळा चढ रिकामा होता.

"काहून थांबले?" अक्का म्हणाल्या. "समदे गाडीतच हाओत की."

"व्हय की," साडू म्हणाले, पण गाडी पुढं घेतली नाही. सीटखाली हात घालून त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि अक्कांपुढं धरली.

"घे, पी. चढ मोठा हाय."

अक्का एक पाऊलही चालल्या नव्हत्या. त्यांनी बाटली घेतली, पदरानं तोंड पुसलं आणि सावकाश, निम्मी बाटली संपेपर्यंत पाणी प्यायल्या.