रफीकचाचा आणि जाड इंग्रजी पुस्तक

बडनेऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर कुणी जुना फोटो दुरुस्तीला आणला, की बाकीचे स्टुडिओवाले विचारायचे, "काय काढू?" डाग, सुरकुती, मागची भिंत, शेजारी उभा असलेला साडू. रफीकचाचा मात्र चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "काय ठेवू?" माणूस गोंधळायचा. मग चाचा एकेक गोष्ट काढून घ्यायचे. भांग कोणत्या बाजूला पाडायचे, तीळ होता का, हसताना ओठ कुठे झुकायचा. उत्तरं फोटोच्या पाकिटावर लिहायची आणि मगच पेन्सिलीला हात लावायचा. पॉलिशपेपरवर घासून ती पेन्सिल त्यांनी सुईसारखी केलेली असायची. "गोरा तं कोनीबी करून देते," ते म्हणायचे, "पन घरी नेल्यावर थो घरचा वाटला पाह्यजे."

त्यांच्या स्टुडिओची आणि आमच्या दुकानाची भिंत एकच. आमचं म्हणजे माझ्या बाबांचं फुलांचं, हारांचं दुकान. ती कापसाची वाईट वर्षं होती. चाचांकडून भिंतीवर लावायचा फोटो घेतलेली माणसं आमच्याकडून त्याच्या मापाचा हार न्यायची. अशी गिऱ्हाइकं दर आठवड्याला यायची आणि त्यावर कुणी फारसं बोलत नसे. बाबा नाव विचारत नसत. चाचा विचारत.

मी अमरावतीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं दोन्ही दुकानांचं मत होतं. ते मत मी कधी खोडलं नाही.

चाचांची नजर तेव्हा अधू व्हायला लागली होती. हात स्थिर होता, पण बारीक रेषा दिसत नव्हती. त्यांच्या जावयाने एक वापरलेला कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणून दिला, त्यात फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि तो निघून गेला. पडद्यावर चेहरा ताटाएवढा दिसायचा, म्हणून चाचा खूश होते. पण ते शिकल्याशिवाय स्टुडिओ चालणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. मी अकोल्याला जठारपेठेत मावशीकडे निघाले, तेव्हा त्यांनी पैसे देऊन मला पुस्तक आणायला सांगितलं. कसं निवडायचं तेही सांगितलं. "जाडी नको पाहू, बेटा. मंधातलं कोन्तंबी पान उघडजो. तिथं जे करा म्हंते, थे डोये मिटून तुले दिसलं, तं थे आपलं पुस्तक. नाई दिसलं तं ठेवून देजो."

तिथल्या पुस्तकांच्या दुकानात त्या सॉफ्टवेअरची दोन पुस्तकं होती. हिंदीतलं पातळ होतं, प्रत्येक पायरीला चित्र आणि चित्रावर बाण. मी मधलं पान उघडलं, डोळे मिटले आणि मला सगळं दिसलं. तेवढ्यात शेजारी इंजिनिअरिंगच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या. त्या आपसात इंग्रजीत बोलत होत्या. दुकानदाराने मला जरा मोठ्यानेच विचारलं, हिंदीच देऊ ना? मी ते पातळ पुस्तक बाजूला सारलं आणि जाड इंग्रजी घेतलं. त्याचं मी एकही पान उघडून पाहिलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये खोटं तयार केलं आणि चाचांना सांगितलं, की हे हिंदीत येतच नाही.

चाचांनी त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. रोज संध्याकाळी मी शेजारी बसून एकेक वाक्य मोठ्याने वाचायची आणि अर्थ सांगायची. अर्धा अर्थ अंदाजाने, उरलेला मनाने. चाचा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकायचे आणि म्हणायचे, "असं म्हंते का." सांगितलेलं जमलं नाही, की मी कॉम्प्युटरला दोष द्यायची.

एके दिवशी चाचा डोळे दाखवायला अकोल्याला गेले. टेबलावर एक काम होतं. हळदीच्या घोळक्यातला फोटो, त्यातून एकाच माणसाचा चेहरा उचलून मोठा करायचा. दुसऱ्या दिवशी त्याची तेरवी. आल्यावर करतो, असं चाचा सांगून गेले होते. मला वाटलं, आपण करून ठेवावं, त्यांना दाखवावं. पुस्तकात डाग काढायचा धडा होता. एका गोऱ्या बाईचा गाल चार चित्रांत स्वच्छ होत जातो. मला तिथला मजकूर लागेना, म्हणून मी नुसती चित्रं बघून करत गेले. डागासारखं दिसलं ते सगळं पुसलं, प्रिंट काढली, काचेच्या फ्रेममध्ये बसवली. पुस्तक माझ्यापुढे उघडं होतं. पाकीट त्याच्याखाली उलटं पडलं होतं.

संध्याकाळी चाचा खांद्याला पिशवी लावून स्टुडिओत शिरले आणि पाठोपाठ त्या माणसाची आई आणि बायको आल्या. म्हातारीने फ्रेम मांडीवर घेतली. धूळ पुसावी तसं डाव्या भिवईवरून काचेवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इथं त्याले गोऱ्ह्याचं शिंग लागलं होतं," ती म्हणाली. "थे कुठी गेलं?" मग हळूच सुनेला म्हणाली, "हा आपला नोहे वं."

सून फोटोकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

चाचांनी पाकीट उलटून डोळ्यांजवळ नेलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, डाव्या भिवईवर वण, ठेवणे. "चूक माही हाय, माय. बसा तुमी," ते म्हणाले. मी तिथेच उभी होते. माझी चूक आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनी फ्रेम उघडली, ब्रश घेतला. डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून नाक कागदाला टेकेल इतके वाकले. एक रेघ ओढायची आणि म्हातारीला विचारायचं, एवढा होता? ती म्हणायची, थोडा खाली. शेवटी तिने पदर तोंडाला लावला, तेव्हा चाचांनी ब्रश ठेवला.

त्या गेल्यावर चाचांनी पिशवीतून पुस्तक काढलं. तेच पातळ, हिंदीतलं. येताना जठारपेठेतून घेतलं होतं. मला रडू फुटलं. मी काहीतरी सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तुले इंग्रजी येत नाई, थे मले पयल्याच दिवशी समजलं. तू वाचत जाय, पन तुह्ये डोये एकाच जागी राहत."

मग ऐकत कशाला बसलात, मी विचारलं.

"तूच सांगशीन म्हटलं."

त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. हिंदी पुस्तक आम्ही बाणावर बोट ठेवून पहिल्या पानापासून केलं. चाचा माझ्याआधी शिकले आणि स्टुडिओ त्यांच्या हयातीत बंद पडला नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. इंग्रजी पुस्तक त्यांनी आधीच मला देऊन टाकलं होतं, पुढे कामी येईल म्हणून.

परवा ते उघडलं. आता मला वाचता येतं, हळू, पण येतं. डाग काढायच्या त्या चार चित्रांच्या वर दोन ओळी आहेत. पुटकुळी चार दिवसांत जाते, ती काढा. वण आणि तीळ त्या माणसाचे असतात, त्यांना हात लावण्याआधी विचारा.

चाचांना हे एक पान खरं वाचून दाखवायचं राहून गेलं.