उभा राहिलेला वर्ग

चॅपलमध्ये प्रथम तो मुलगा एकटाच उभा राहिला. मग त्याच्या शेजारची प्रणिता उठली. मग तिच्या मागचा बाक उठला, आणि पाहता पाहता द्वितीय वर्षाचा सगळा वर्ग उभा राहिला. सर्वांत मागे, विद्यापीठाच्या मान्यतेसाठी आलेल्या पाहणी समितीचे अध्यक्ष बसले होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "डीनसाहेब, या सगळ्यांनी कॉपी केली?"

या प्रसंगाच्या दोन हकिगती माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरत आहेत. पहिली अशी की, अख्ख्या वर्गाने कॉपी केली होती. दुसरी अशी की, प्रकरण मिटवण्यासाठी मी एका शेतकऱ्याच्या मुलाचा बळी दिला. दोन्ही खोट्या आहेत. लिहिणाऱ्यांपैकी एकही जण त्या सकाळी तिथे नव्हता. मी होतो.

आमचे विद्यापीठ लहान. लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनने ते अमरावतीजवळ काढले. शिक्षण लिबरल आर्ट्सचे; म्हणजे भौतिकशास्त्र शिकणाऱ्यालाही संगीत आणि तत्त्वज्ञान घ्यावेच लागे. विद्यार्थी बहुतेक भातकुली, बार्शीटाकळीकडच्या शेतकरी घरांतले. प्रार्थनेची सक्ती कुणावर नव्हती. आणि आमच्या परीक्षेला सुपरवायझर नसे. शिक्षक पेपर वाटून वर्गाबाहेर जात. ज्या मुलखात परीक्षेच्या दिवशी शाळेच्या कुंपणावर चढलेले मामा-काका मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत, त्या मुलखात आम्ही हे चालवत होतो. अकोल्याचे एक प्राचार्यमित्र मला नेहमी चिडवत. "पोट्ट्याइच्या हातात पेपर देऊन तुमी चहा प्यायले जाता? धन्य हाय बाप्पा तुमची!"

ती व्यवस्था एका प्रथेवर उभी होती. पेपरच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी चॅपलमधल्या प्रार्थनेच्या वेळी, आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एवढेच विचारत: "कुणाला काही सांगायचे आहे?" ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने उभे राहायचे. बोलायचे काही नाही. त्याचा तो पेपर रद्द होई आणि नवा मिळे. त्यानंतर त्याला कुणीही, कधीही, काहीही विचारायचे नाही. चूक मान्य केली की माफी मिळते, हा त्या पंथाचा गाभाच आहे. आमच्या हिंदू मुलांनी तो बिनतक्रार आपला मानला होता.

त्या दिवशी पेपर होता संख्याशास्त्राचा. चॅपल सुटल्यावर मी प्रणिताला ऑफिसात बोलावले. वर्गातली सर्वांत हुशार आणि तितकीच तोंडाळ मुलगी.

"तू कॉपी केलीस?"

"नाई जी."

"मग उभी का राहिलीस?"

"तो एकटाच उभा होता, सर. पाहुणे मान उंच करकरून पाहत होते. मले नाई पाहावलं."

"आणि बाकीचे?"

"माह्यासारखेच. आता इतक्यात कोणी केली ते पाहुण्याइले समजते का? सांगा बरं!"

तिला वाटत होते, आपण फार शहाणपणा केला. मला रागावताही येईना. वर्गमित्राला परक्यांसमोर एकटे पडू द्यायचे नाही, हे आम्हीच त्यांना शिकवले होते.

अध्यक्ष पुण्याचे. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. दार लावून घेत ते म्हणाले, "एक नाव द्या. एक प्रकरण झाले असे लिहितो, विषय संपला. नाहीतर मला सामूहिक कॉपी असे लिहावे लागेल."

"उभे राहिलेल्याला पुढे विचारायचे नाही, अशी आमची प्रथा आहे."

"प्रथा मला अहवालात लिहिता येत नाही, डीनसाहेब."

"मग रिकामी जागा सोडा."

हे उत्तर उद्धट होते, असे पाळकांनी मला नंतर सांगितले. असेल. पण मी त्या क्षणी नाव दिले असते, तर पुढच्या परीक्षेनंतर चॅपलमध्ये कोण उभे राहिले असते? ग्रुपवर मला हटवादी म्हणणाऱ्यांनी एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे.

दुपारी तो मुलगा स्वतः माझ्याकडे आला. घरी भाजीपाल्याची शेती, बार्शीटाकळीच्या बाजूचा. नाव आजही सांगणार नाही.

"सर, माहं नाव सांगून द्या ना. माह्या एकट्याच्या पायी साऱ्याइले काहून बट्टा?"

"तू उभा राहिलास. तुझे काम संपले. पुढचे माझे आहे. जा, मेस बंद होईल."

तो मेसमध्ये गेला नाही. तो थेट गेस्ट हाउसवर गेला आणि अध्यक्षांना म्हणाला, की कॉपी मी केली, बाकी कोणीच नाही. मी त्याला पाठवले नव्हते. हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती जणांना सांगितले असेल, आणि किती जणांनी ते हसण्यावारी नेले असेल!

अध्यक्षांनी मला बोलावून घेतले. मुलगा दाराशी उभाच होता.

"मिटवामिटवीसाठी गरीब घरचे पोर पाठवलेत?"

"मी कुणालाही पाठवलेले नाही. तो खरे बोलतो आहे."

"मग सकाळी बाकीचे सगळे खोटे बोलले?"

"हो."

"म्हणजे तुमची मुले चॅपलमध्ये उभी राहून खोटे बोलतात, आणि त्यांच्याच सचोटीवर तुम्ही परीक्षा सोडता."

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. या वाक्यातली चूक मला सापडली नाही. मी मुलाकडे पाहिले. तो माझ्याकडेच पाहत होता. त्याला वाटत होते, सर आता काहीतरी बोलतील.

अहवालात सामूहिक कॉपी असे आले. पुढच्या सत्रापासून प्रत्येक खोलीत सुपरवायझर आणि डोक्यावर कॅमेरा. कॅमेऱ्याखालच्या पहिल्या पेपरनंतर चॅपलमधला तो प्रश्न पाळकांनी आणखी एकदा विचारून पाहिला. कोणी उठले नाही. ते प्रार्थना आटोपून निघून गेले, आणि तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. मला सर्वांत जास्त खंत त्या सकाळची वाटते. कॉपी त्या परीक्षेतही झाली होती, कॅमेऱ्यानेच दोघांना पकडले होते.

त्या मुलाने नवा पेपर दिला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. वर्ष संपल्यावर त्याने अकोल्याच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. ट्रान्स्फर सर्टिफिकेटवर माझी सही घ्यायला आला तेव्हा मी त्याला थांबायला सांगितले, अगदी आग्रहाने.

तो म्हणाला, "नाई सर. इथं आता कोणी मले वाईट म्हणत नाई. खरं बोललो असंई कोणी म्हणत नाई."

मी सही केली. पेन झाकून ठेवले आणि त्याला दारापर्यंत सोडायला गेलो.

प्रणिताला आणि तिच्या वर्गाला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. फक्त एक गोष्ट त्या नोकरीत शिकलो, ती नोंदवून ठेवतो. माणुसकीपोटी सगळे मिळून खोटे बोलले, की त्यात जो एकटा खरे बोलतो, त्याच्यावरच कुणाचा विश्वास बसत नाही.