साडूंचा सायलेन्सर

जगातली कुठलीही वस्तू कानाने तपासल्याशिवाय खरी न मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. कलिंगड वाजवून घेणारे पुष्कळ असतात. हे बादली वाजवून घेतात, पाट वाजवून घेतात. झाशीच्या लक्ष्मी गेट बाजारातल्या एका दुकानात त्यांनी एकदा अकरा छत्र्या नापास केल्या, तेव्हा कुठे बारावीचा 'खट्' त्यांना पटला. पंगतीत शेजारच्याने पापड मोडला तरी हे घास हातात थांबवून ऐकतात आणि "दमट आहे" असा निकाल देऊन जेवू लागतात. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा "जरा आम्हालाही ऐकवा, डॉक्टरसाब" म्हणून ती मागून घेतली, मिनिटभर डोळे मिटून स्वतःचं हृदय ऐकलं, "बढ़िया है" म्हणाले, आणि औषध न घेता घरी आले.

त्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर झाशीत आलं त्याला कित्येक पिढ्या झाल्या. मी आलो नोकरीला, इथल्या एका मोठ्या कारखान्यात, आणि त्यांच्या मेहुणीशी लग्न करून राहिलो. बावीस वर्षं झाली तरी ते मला 'पाहुणे' म्हणतात. त्यांच्याकडे एक पिकअप आहे. गरौठा आणि टहरौलीच्या दुकानांना ते बियाणं आणि खत पोचवतात, आणि परतताना आमच्या घरावरून जातात. हॉर्न वाजवत नाहीत. "हॉर्न म्हणजे भांडण. गाडी आली हे गाडीनेच सांगावं," असं त्यांचं मत.

म्हणूनच पिकअपचा सायलेन्सर गंजून गळाला तेव्हा त्यांनी तसाच दुसरा लावला नाही. लक्ष्मी गेटच्या मिस्त्रीला त्यांनी सांगितलं, "तनक-सो बढ़ा दो, मिस्त्री. गाड़ी बोलै, चिल्लावै नईं." आवाज 'थोडासाच' वाढवायची अशी नाजूक मागणी मिस्त्रीने आयुष्यात ऐकली नव्हती. त्याचं गिऱ्हाईक एकतर गप्प गाडी मागे, नाहीतर गल्ली हादरवणारी. पहिला सायलेन्सर लावून साडू आमच्या फाटकाशी आले तेव्हा समोरच्या घरातले गृहस्थ दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून बाहेर धावले. दुसरा लावला, तर गाडीला पडसं झाल्यासारखं वाटे. प्रत्येक वेळी आम्हाला फोटोला उभं करावं तसं फाटकाशी उभं करत आणि दोनदा समोरून गाडी नेत. परीक्षक मात्र आम्ही नव्हतो. परीक्षक होती माझी मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची.

"काका, अजून जाड पाहिजे," ती म्हणायची. "पण मोठा नको. जाड."

तिसरा सायलेन्सर जुळला. खोल आवाज होता, जेवण झालेल्या माणसाने समाधानाने 'हूं' करावं तसा. दोन वळणं अलीकडूनच तो ऐकू येई, आणि माझी मुलगी हातातलं टाकून, अनवाणी, फाटकाकडे धावे. "काका आले!"

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या घरात मराठी मी आणली होती, असा माझा समज. रविवारी एक तास मी तिला मराठी शिकवायला बसवी. मी मराठीत विचारलं की ती "जी पापा" म्हणून हिंदीत उत्तर देई. आणि काकांशी ही मुलगी तासन्‌तास मराठी बोले. "काका, तुम्ही किती लेट झाला, मी कबसे वाट देखते." त्यावर ते म्हणत, "अरे बेटा, टहरौलीला ट्रकच ट्रक उभे, मी तरी काय करू, उडू?" दोघांची मराठी सारखीच मोडकी, आणि दोघं सारखेच खूश. मी मधेच दुरुस्त करी, की ती गप्प. माझी स्कूटर रोज संध्याकाळी येई. ती आल्याचं कुणाला कळतही नसे.

सहा महिने मी पोरीची धावती पाठ पाहिली. मग एका सकाळी साडू सहज म्हणाले, "पाहुणे, तुम्ही तर कारखान्यात आवाजच मोजता. आपल्या गाडीचा ठीक आहे ना?"

कारखान्यात मी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मोजतो. डिझेल इंजिनाचं मला फारसं कळत नाही, पण त्या आवाजात काही वावगं नाही एवढं कळत होतं. मी म्हणालो, "आवाज ठीक आहे, दादा. पण या सायलेन्सरने इंजिनावरचा मागचा दाब कमी झालाय. व्हॉल्व जळतील."

त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्याच दिवशी गप्प सायलेन्सर बसवून आले, आणि पुढे सात वर्षं सगळ्या लक्ष्मी गेटला सांगत राहिले की आमच्या पाहुण्यांनी इंजिन वाचवलं. लग्नकार्यात मला पुढे ओढून ओळख करून देत: "ये न होते तो गाड़ी गई थी."

गाडी आता केव्हा येई ते कळेना. मुलगी खोलीतून बाहेर येई तेव्हा काकांचा चहा संपत आलेला असे. आधी "अरे, काका" म्हणे, मग नुसतीच मान हलवू लागली. मुलं मोठी होतात, असं बायको म्हणते. होतातच. पण त्यातलं थोडं मी केलेलं आहे, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली. काकांनाही फोनवर हिंदीत बोलू लागली.

यंदा ती दिवाळीला आली. नरक चतुर्दशीच्या सकाळी मी साडूंकडे गेलो. ते पिकअप पुसत होते. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, का केलं तेही.

त्यांनी फडकं पिळलं. "म्हणजे व्हॉल्व जळले नसते?"

"नाही."

"हूं. बसा गाडीत."

आत जाऊन त्यांनी गोणपाटात गुंडाळलेला तोच तिसरा सायलेन्सर आणला. "चांगला बोलत होता," एवढंच म्हणाले. "भंगारात कसा द्यायचा?" लक्ष्मी गेटपर्यंत हा बडबडा माणूस एक शब्द बोलला नाही. त्याहून मोठी शिक्षा मला झाली नसती. मिस्त्री दुकानाला झेंडूचं तोरण बांधत होता. गोणपाट उघडताच हसला, "अरे, वही तनक-सो?" सणाचं काम बाजूला ठेवून त्याने तासाभरात तो बसवला. साडूंनी इंजिन चालू केलं, कान तिरका केला, आणि माझ्याकडे वळले.

"पाहुणे, आता सांगा. ठीक आहे?"

"ठीक आहे, दादा," मी म्हणालो.

आम्ही आमच्या घराकडे वळलो. दोन वळणं अलीकडे त्यांनी उगाच जरा वेग घेतला. फाटक उघडलेलं दिसलं, आणि डोक्याला तेल, पायात काही नाही, अशी माझी वीस वर्षांची मुलगी धावत आली. "काका आले!"

मी आत बसलोय हे तिला ठाऊक नव्हतं. हाक माझ्यासाठी नव्हती, आणि ते अजूनही बोचलं. पण तिचा तो चेहरा मी पहिल्यांदा समोरून पाहत होतो. साडूंनी गाडी थांबवली, इंजिन मात्र लगेच बंद केलं नाही.