चहाला न थांबता

फरगाना खोऱ्यातल्या त्या मोहल्ल्यात एखादी बाई बारीक दिसली, तर ती एक तर आजारी, नाही तर तिची सासू वाईट, असं सरळ धरून चालायचे. खोसियतची सासू फार चांगली होती. तिनं सुनेला प्रेमानं खाऊ घातलं आणि पुढं खोसियतनं तेच व्रत गल्लीभर चालवलं. दारावरून जाणारा माणूस तिनं कधी चहाशिवाय सोडला नाही. तिचा नवरा तोलिब याचं पोट त्याच्या आधी दारातून आत यायचं, त्यामुळं त्या घरात वजनाचा विषय निघण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर दवाखान्यातल्या लोबार डॉक्टरणीनं तिच्या रक्तातली साखर पाहून कपाळाला हात लावला, तेव्हा खोसियतला नवलच वाटलं.

"आपा, चालायला लागा. रोज."

"कुठं जायचं?"

"कुठंच नाही. नुसतं चालायचं आणि परत यायचं."

"अगं पोरी, काम नसताना फिरणाऱ्या बाईला आमच्याकडं वेडी म्हणतात."

म्हणाली खरी, पण घरी येईपर्यंत जागा पक्की झाली होती. मोठ्या कालव्यावरचा पूल. त्या पुलावर उभं राहिलं की कापसाच्या शेतांपलीकडं तिच्या माहेरच्या पॉप्लरच्या उंच झाडांची रांग दिसते. रेशमाच्या किड्यांसाठी तुतीच्या फांद्या डोक्यावर घेऊन ती लहानपणी त्याच काठानं धावत सुटायची, आणि मागून आई ओरडायची की पडशील, थांब. आई गेली, वडील गेले, भाऊ घर विकून शहरात गेला. माहेरी कोणी उरलं नाही, त्यामुळं तिकडं जायला कारणही उरलं नाही. लग्न झाल्यापासून ती पुलावरून गेली ती गाडीतून, मांडीवर भेटीच्या खाऊचं बोचकं धरून, कुणाच्या तरी लग्नाला नाही तर मयताला. गाडी कधी थांबली नाही, आणि थांबवा म्हणायची तिला लाज वाटली. एकदा आपल्या पायानं जावं, कठड्याला टेकून उभं राहावं आणि मन भरेपर्यंत ती झाडं बघावीत, एवढंच तिला हवं होतं. आणि आता तर डॉक्टरणीनंच सांगितलं होतं.

योग असा, की त्याच वसंतात सरकारी पैसा आला. लोक फार जाड होत चाललेत, तेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चालण्यासाठी वाटा करा, असा वरून हुकूम होता. मोहल्ल्याचे अध्यक्ष मारुफ रईस यांनी गल्लीतून निघून काठाकाठानं थेट पुलापर्यंत जाणारी लाल रंगाची सुरेख वाट करून घेतली. तिचं उद्घाटनही झोकात झालं. रईसांनी चरबीच्या दुष्परिणामांवर लांबलचक भाषण केलं, आणि मग दुंब्या मेंढ्याच्या चरबीतला पुलाव आला. वाटेवरच सतरंज्या अंथरून सगळे जेवले. जेवल्यावर चालायची कुणाच्यात ताकद होती?

खोसियत दुसऱ्या दिवशी निघाली. काठाला लागायच्या आधी गल्ली होती, गल्लीला दोन्ही बाजूंनी दारं होती, आणि दारात बायका होत्या.

"आपा, या ना! इतक्या घाईनं कुठं?"

"कुठं नाही गं, नुसती चालतेय."

"नुसती? मग तर वेळच वेळ आहे. बसा, चहा ओतते."

नाही म्हणावं, तर हिला कशाचा राग आला याची चर्चा दुपारपर्यंत मोहल्लाभर. निदान नानचा तुकडा तरी मोडायलाच हवा, आणि नान पुढं आला की त्याच्यामागून जर्दाळूचा मुरंबा, हलवा, मलई हेही येणारच. तिसऱ्या दाराच्या पुढं काही ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं हातात बोचकं घेतलं, म्हणजे कुणाकडं तरी निघालीय असं वाटावं. "कुणाकडं?" असं पहिल्याच दारात विचारलं गेलं, तिला पटकन नाव सुचलं नाही, आणि बोचकं तिथंच सुटलं. मग ती पहाटे उठून निघाली, तर दारोदार सुना अंगणापुढचा रस्ता झाडत होत्या. खराटा छातीशी धरून एकेक सून वाकून सलाम करायची आणि आत सासूला हाक मारायची, की खोसियतआपा आल्यात, चहा ठेवू?

"सरकारनं वाट केली, पण दारं कोण बंद करणार?" तोलिब खदखदून हसला.

"हसा तुम्ही. सवय मीच लावलीय सगळ्यांना," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तोलिबला काय झालं ते कळेना.

शरदात तिचा गुडघा गेला. लोबारनं स्वतः घरी येऊन तपासलं आणि आता अंगणापुरतंच चाला म्हणाली. तिलाही चहा प्यावाच लागला. त्या रात्री खोसियतनं तोलिबला गाडीनं पुलावर न्यायला सांगून पाहावं असं मनात आणलं, पण तिथं उतरून काय करायचं हे त्याला कसं सांगणार?

समोरच्या घरात मगफिरतआपाची सून होती, झुमरद. नवरा कामाला रशियात. सासू तिला दाराबाहेर पाठवायची ती फक्त झाडायला. लग्नात चवळीच्या शेंगेसारखी होती, दोन वर्षांत अंगानं सुटली होती, आणि लोबारनं तिलाही चाला म्हणून सांगितलं होतं. अलीकडं ती आपल्या दारापुढं झाडून झालं तरी थांबेना. खराटा आज दोन घरं पुढं, उद्या चार. आणि झाडणाऱ्या सुनेला कुणी चहाला बोलवत नाही, काम करतेय पोर, शाबास म्हणतात. खोसियत दारातल्या खुर्चीवरून हे सगळं बघत होती. तिला स्वतःला खराटा घेता आला नसता, घरात सून असताना सासूनं झाडलं, तर सुनेची गावभर नाचक्की झाली असती.

एका सकाळी झुमरद तिच्यापुढं येऊन घुटमळली.

"आपा, पूल किती लांब आहे हो? मी पाहिलाच नाही अजून."

बस, चहा ओतते, हे शब्द खोसियतच्या ओठांवर आलेही होते. तिनं ते गिळले.

"जवळ आहे. जा."

"सासूबाई?"

"मी आहे ना. जा म्हणते. पुलावर थांब, आणि उगवतीकडं बघ, शेतांच्या पार. झाडांची रांग असेल. तोडली नसतील तर असेल. नीट बघ आणि येऊन मला सांग."

झुमरद निघाली. पहिली चार घरं झाडत गेली, मग खराटा नुसताच हातात राहिला. काठाच्या वळणावर ती दिसेनाशी होते न होते तोच समोरचं दार उघडलं.

"खोसियत, आमची सून दिसली का गं?"

"माझ्याकडं आहे. आत चहा पितेय."

"इतक्या सकाळी? मग मीही येते."

"तू कशाला? तुझ्याच चुगल्या चालल्यात."

मगफिरत हसली. "सांगू दे, सांगू दे. पण काहीतरी खाऊ घाल तिला."

"घालते," खोसियत म्हणाली. मगफिरतचं दार लागलं. मग खोसियत गुडघा धरून उठली, भिंतीच्या आधारानं वाटेपर्यंत गेली आणि ते वळण बघत उभी राहिली.