किडकं पान

सासूबाई पुण्याहून आल्या त्या दिवसापासून त्यांना एकच घोर लागला होता: इथे हरतालिकेला सोळा प्रकारची पत्री कुठून आणायची? मी म्हटलं, "आई, पालक-कोथिंबीर धरून सोळा भरतील की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं चहा ठेवला.

मला निराळाच घोर होता. आम्ही राहतो त्या जर्मनीतल्या गार्चिंगहून गाडीनं तासाभरावर, आल्प्सच्या बाजूला, एक दलदल आहे. तिथे एक फिकट पिवळं फुलपाखरू राहतं, पंखांना काळा काठ आणि कडेला बारीक गुलाबी झालर. मूळचं ते उत्तरेतल्या थंड मुलखातलं. हिमयुगात ते इथवर पसरलं, हिमयुग सरलं तसं परत उत्तरेकडे सरकलं, पण काही मागे राहिली, ती अशा गार दलदली धरून. त्याची अळी राउशबेरे नावाच्या एकाच झुडपाची पानं खाते. दुसरं पान पुढे केलंत तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. माणसांनी चर खणून दलदली सुकवल्या, त्या कोरड्या जागेत स्प्रूसची उंच सूचिपर्णी झाडं माजली, त्यांच्या सावलीत झुडपं गेली. आता हे फुलपाखरू देशाच्या लाल यादीत, म्हणजे नामशेष होऊ घातलेल्या जीवांच्या यादीत आहे.

तीन हिवाळे मी शनिवारी शनिवारी तिथे जाऊन स्प्रूस कापले आणि चर बुजवले. कॉम्प्युटरपुढे बसून पाठीची निम्मी वाट लागलीच होती, उरलेली तिथे लागली. तरी गेल्या वर्षी एकही अळी सापडली नव्हती. तिथे काम करणाऱ्या आमच्या स्वयंसेवक गटाचे प्रमुख एक निवृत्त वनरक्षक आहेत, मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणते. त्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदाही काही मिळालं नाही, तर इथून ते नाहीसं झालं असं कळवायचं आणि काम बंद करायचं. त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग येत होता.

यंदाची अळ्यांची मोजणी हरतालिकेच्या आधीच्या शनिवारी आली. नवरा कामासाठी बॉनला गेलेला, तेव्हा सासूबाईंनाही बरोबर घेतलं. दलदलीतून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवर एक बाक होता, तिथे त्यांना थर्मास देऊन बसवलं आणि कुठे जाऊ नका म्हणून बजावलं. मग आजोबा आणि मी तीन तास ठरलेल्या झुडपांचं पान न् पान पाहिलं. अळीनं वरचा हिरवा पापुद्रा खरवडलेलं पान शोधायचं असतं. एकही मिळालं नाही. आम्ही बाकाकडे परत निघालो. मला रडू येत होतं.

बाकावर सासूबाई प्रसन्न बसल्या होत्या. मांडीवर ओला रुमाल, त्यात निगुतीनं गुंडाळलेली पानं.

माझा तोल गेला. "आई, अहो काय केलंत हे! इथलं पान तोडायला बंदी आहे!"

"झाडाला विचारून घेतलं गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि फार नाही मिळाली. एका झुडपाची तर सगळीच पानं किडकी निघाली. देवाला किडकं पान चालत नाही, म्हणून त्याला हातच लावला नाही."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "किडकं म्हणजे कसं?"

"वरून खरवडल्यासारखं. खालचा पापुद्रा तेवढा शाबूत."

मी जर्मनमधून सांगितलं तेव्हा आजोबांनी आधी बंदीचा नियम पूर्ण ऐकवला. जर्मन माणूस, तो त्याशिवाय कसला पुढे जातोय! मग म्हणाले, "आल्झो, बरं तर, कुठलं झुडूप? दाखवायला सांग."

सासूबाई पदर खोचून फळ्यांवरून पुढे निघाल्या, तडक आम्ही पहिल्या हिवाळ्यात स्प्रूस कापलेल्या तुकड्यापाशी. तिथली झुडपं जेमतेम गुडघ्याएवढी, म्हणून मोजणीत आम्ही ती धरलीच नव्हती. आजोबा वाटेवरच ओणवे झाले, भिंग काढलं आणि बराच वेळ हलले नाहीत. "डा," ते पुटपुटले, म्हणजे 'ही बघ'. पानाच्या मधल्या शिरेवर, शिरेइतकीच हिरवी, तांदळाच्या दाण्याएवढी अळी.

दुसरी सासूबाईंना दिसली, तिसरीही त्यांनाच. जन्मभर मेथी-चाकवत निवडलेल्या डोळ्यांपुढे आमच्या भिंगाचं काय चालणार! एकूण सात निघाल्या. आमच्या हातानं मोकळ्या केलेल्या जागेत ती फुलपाखरं येऊन अंडी घालून गेली होती, आणि आम्ही जुन्याच झुडपांपाशी कपाळाला हात लावून बसलो होतो. मला इतका आनंद झाला की सासूबाईंना मिठीच मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. "अगं, हळू, खाली पाणी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांना सगळं समजावल्यावर त्यांनी रुमाल उलगडून तोडलेली पानं झुडपाच्या मुळाशी ठेवली. तोंडानं काहीतरी पुटपुटल्या, बहुधा माफी मागितली असावी.

आजोबांनी तक्ता काढला आणि पेन्सिल सासूबाईंपुढे धरली. अळ्या त्यांनी शोधल्या, आकडाही त्यांनीच लिहायचा म्हणे. त्यांनी जपून, मोठ्या अक्षरात मराठीतला सात लिहिला. आजोबांनी तो खोडला नाही. मग मला विचारलं, "नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी करवत घेऊन येशील ना?"