बापू, वहिनी आणि हिरवी चौकट

आमच्या काळाचौकीच्या चाळीत किस्से म्हणजे गॅलरीत वाळत घातलेले कपडे. आपला एक काढायला जावं, तर शेजाऱ्यांचे दोन हातात येतात! सध्या मात्र दोरीवर बापूच आहेत. बापू घाडी, आमच्या भिंतीपलीकडचे. शिवडीच्या गोदामातून रिटायर झाले.

त्यांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून डॉक्टर म्हणाले, "बापू, तुमचीही कोलोनोस्कोपी करून घ्या." म्हणजे मागून नळी घालून कॅमेऱ्याने आतडं बघायचं. बापू टाळत राहिले. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, स्वतःचं जेवणाचं ताट बाजूला सरकवलं, तेव्हा तयार झाले.

*

चाळीत मात्र सांगितलं, "गावाक चाललंय, बाग बघूक."

मी म्हटलं, "बापू, बाग बघायला पोट साफ करायचं औषध कशाला?" पिशवीतून पाकीट डोकावत होतं ना!

मी फक्त दोघींना सांगितलं. तेही, "कोणाला बोलू नका हं," असं बजावून. संध्याकाळी दूधवाला बापूंना विचारतोय, "काका, तपासणी उद्याच ना?"

*

ते औषध घेतलं की सारखं पळावं लागतं. आणि आमचे संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचे मिळून. बापू खरे घाबरले होते ते यालाच.

सकाळी दार उघडतात तर काय, मंडळाच्या पोरांनी गणपतीतला रांगेचा दोर आणून एका संडासापर्यंत बांधलेला! वर पुठ्ठा: 'व्हीआयपी दर्शन'. अख्खा मजला त्या दिवशी बिनतक्रार खालच्या मजल्यावरच्या संडासात जात होता.

बापू पाचव्यांदा परत येताना मला म्हणाले, "माणसं बरी आसत गो."

*

हॉस्पिटलात मीही गेले. वहिनींना सोबत नको?

डॉक्टरीणबाई तरुण, गोड. म्हणाल्या, "मी स्क्रीनवर बघणार, आणि सोबत ए.आय. पण बघणार. आतड्यात पॉलिप, म्हणजे छोटी गाठ वाटली की ते हिरवी चौकट दाखवतं. अशा गाठीचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून आधीच काढून टाकायची."

वहिनींनी विचारलं, "मग ठरवणार कोण? तुम्ही की तो?"

"तो फक्त दाखवतो. ठरवणार मी."

वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "कळलं. आमच्याकडे ही आहे ना! जरा काही दिसलं की लगेच दाखवते. खरं किती, खोटं किती, ते आम्ही बघतो."

सगळा स्टाफ हसला. मी पण हसले. काय करणार!

*

आतलं डॉक्टरीणबाईंनीच नंतर सांगितलं. बापू इंजेक्शनने अर्धवट गुंगीत, पण डोळे स्क्रीनवर. चौकट आली की विचारायचे, "गावला?" म्हणजे, सापडला का?

"नाही काका, बुडबुडा आहे."

पुन्हा चौकट. "गावला?"

"नाही काका, नुसती आतड्याची घडी आहे."

मग एका वळणाआड चौकट आली ती हलेचना. बाईंनी पाणी मारून नीट बघितलं. चपटी, बारीकशी गाठ. "माझ्या नजरेतून कदाचित सुटलीही असती," त्या म्हणाल्या.

आणि बापू गुंगीतच ओरडले, "धप्पा!"

तिथल्या तिथे काढली.

*

गाठ तपासायला पाठवली. आता रिपोर्टची वाट.

आमच्या वहिनींचा आवाज म्हणजे तळमजल्यापर्यंत. पण त्या दिवसांत बापूंशी इतक्या गोड बोलायला लागल्या! "चहा देऊ का? पंखा वाढवू का?" भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं.

बापू गॅलरीत येऊन हळूच म्हणाले, "ही असा गोड बोलता ना, माका भीती वाटता."

एका दुपारी पलीकडे फोन वाजला, वहिनींनी उचलला. मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि भिंतीला टेकले.

"हो, डॉक्टर... हो... बरं... बरं."

मग काहीच नाही. भांड्याचाही आवाज नाही. मी कान भिंतीला आणखी चिकटवला.

आणि एकदम, "अहो! ओला टॉवेल परत गादीवर? किती वेळा सांगायचं? माणूस आहात की कोण!"

मजल्यावरची सगळी दारं उघडली. आम्ही धावलो. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. बापू पलंगावर, हातात तो टॉवेल, डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"वरड," ते म्हणत होते. "अजून वरड गो."